सेकंदाला आठ हजार शेर

१

धनजच्या बसस्टँडमागे देवमनचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मधल्या दाराला पडदा. रेडिओ गेला, टेप आला, टीव्ही आला, टेलिफोनचे डबे आले, मग कम्प्युटर. लोक जे जे फेकत गेले ते ते हा माणूस उचलून चालू करत गेला. शाळा तिसरीपर्यंत, तीही नापास. पण हिशेब असा, की बी.एस्सी. झालेल्यानं तोंडात मारून घ्यावं.

त्या दिवशी सकाळी तांड्यावरच्या शाळेचा सेवालाल मास्तर कुरकुरत आला. हातात नवाकोरा पेनड्राइव्ह.

"देवमनदादा, पाकिटावर स्पीड चारशे ऐंशी लिहून हाये. पडतात पन्नास बी नाई. ठगवलं मले."

"कोनं ठगवलं? तुह्याच अकलीनं." देवमननं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "मास्तर ना तू? सांग, शेरात कोळवी किती?"

"कोनती कोळवी?"

"घ्या! अन् हे लोकायचे पोरं शिकवतात. दोन कोळव्याचं चिपटं, दोन चिपट्याचं मापटं, दोन मापट्याचा शेर. शेरात कोळवी आठ. माह्या मायनं खळ्यावर शिकवलं, कालेजात नाई. कम्प्युटरवाले कोळव्याले बिट म्हनतात अन् शेराले बाइट, येवढाच फरक. भाव सांगतात कोळव्यानं, माल देतात शेरानं. चारशे ऐंशीले आठानं भाग."

"साठ."

"त्यातली सांडलवंड जाऊन पन्नास. हेच तुहे पन्नास. जाय आता घरी, डोक्शाले ताप देऊ नको."

मास्तर हसत गेला. देवमन हसला नाही. चौदा महिन्यांत तो हसलाच नव्हता.

२

मागच्या खोलीत बाजेवर लिलाबाई होती. चौदा महिन्यांपूर्वी लकव्यानं तिचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि बोलणं नेलं. डोळे फिरत, डावा हात हले, भात भरवला तर गिळे. पण ज्या बाईचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा तिच्या तोंडून 'अं' सुद्धा निघत नव्हतं. शेजारची रामीबाई सकाळी येऊन तिची आंघोळ उरकून जाई, संध्याकाळी चहा पाजून जाई. मधला सारा दिवस देवमन आणि तो छताचा पंखा.

अकोल्याचा डाक्टर म्हणाला होता, हिला हिचाच जुना आवाज ऐकवून पाहा. कानावाटे जिभेला कधी कधी आठवण होते. कधी कधी म्हणाला होता, नेहमी नाही. पण देवमननं ते 'कधी कधी' गाठीला बांधून ठेवलं.

जुना आवाज होता एकाच ठिकाणी. वीस वर्षांपूर्वी पोरगा सतीश कारंज्याला कम्प्युटरचा कोर्स करत होता, तेव्हा त्यानं जुना कम्प्युटर घेतला आणि एक माइक. पहिल्यांदा कोणाचा आवाज भरला तर आईचा. ती अंगणात तूर मोजत होती.

देवमनचं घर दीक्षा घेतलेलं. देव नाही, भूत नाही, नजर लागणं नाही. तरी लिलाबाई माप घालताना 'एक' म्हणायची नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायची, मग दोन, मग तीन. विसावर खडा ठेवायचा, पुन्हा लाभ. माप चालू असताना मोजणाऱ्याला कोणी टोकायचं नाही आणि रास संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. देवमन खवचट, तो मुद्दाम टोकायचा. त्या दिवशीही टोकलं होतं. "येवढी शिकलेली बाई, एकाले एक म्हनता येत नाई का वं?" आणि लिलाबाई मोजणं विसरून खळखळून हसली होती. "मोजू द्या नं मले!" तिथं ते दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग संपत होतं.

ते हसणं त्याला पाहिजे होतं. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही.

माळ्यावरच्या ट्रंकेत ती डिस्क सापडली. सतीशला पुण्याला फोन लावला.

"बाबा, एवढी जुनी डिस्क एकडाव फिरली तर नशीब. ऐकत बसू नका. पह्यले कॉपी करा, मंग ऐका."

"मले शिकवू नको."

"शिकवून नाई राह्यलो. तुमी ऐकत नाई कोनाचं, म्हून सांगतलं."

३

जेवणानंतरची वेळ. वैशाखाचं ऊन असं की स्टँडवरचं कुत्रंही पिंपाखालून बाहेर येईना. देवमननं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि डिस्कला चाळीस टाचण्यांची चपटी पट्टी लावून ती जोडणीच्या डबीतून आपल्या कम्प्युटरला जोडली. डिस्क आधी कण्हली, मग फिरायला लागली. आत जागेचे चार कप्पे पाडलेले, देवमन त्यांना वाफे म्हणायचा. तीन उघडले नाहीत. चौथा, सगळ्यात लहान, तो उघडला. त्यात सतीशनं साठवलेले काही फोटो, तीन गाणी, आणि 'आई' नावाची फाइल.

आकार बरोब्बर चार हजार आठशे किलोबाइट. म्हणजे चार हजार आठशे हजार शेर. त्यानं मनाशी भागाकार केला. डिस्क कितीही म्हातारी असली तरी सेकंदाला तेहतीस मेगाबाइट देणारी जात. अर्धी दिली तरी डोळा मिटून उघडेपर्यंत काम व्हावं.

कॉपीला लावलं. पडद्यावर आकडा आला: आठ.

आठ किलोबाइट सेकंदाला.

"हात्तिच्या." देवमनला वाटलं, आपणच कोळवी आणि शेर यांत गोंधळ केला. पुन्हा वाचलं. शेरच होते. मरतुकडी डिस्क हळू चालते हे त्याला ठाऊक होतं. पण ती अडखळत चालते. दोन, चाळीस, शून्य, पुन्हा तीस. हा आकडा हलतच नव्हता. आठ. आठ. आठ. कोणी काट्यावर तोलून द्यावं तसा.

आणि त्याला आठवलं. टेलिफोन दुरुस्तीच्या दिवसांत एका लाइनमननं त्याला सांगितलं होतं: तारेतून बोलणाऱ्या माणसाचा आवाज जातो सेकंदाला चौसष्ट हजार कोळवी. आठानं भागलं की आठ हजार शेर. सतीशनंही जागा वाचावी म्हणून त्याच मापानं भरलं होतं. चार हजार आठशे भागिले आठ, सहाशे सेकंद, दहा मिनिटं.

म्हणजे डिस्क आवाज देत होती तो माणूस बोलतो त्याच वेगानं. लोखंडी खोक्यातल्या वस्तूला इतकी सभ्यता कशाला? धान्याचं पोतं उलटं केलं तर ते एकदम सांडतं, दाणा दाणा मोजून पडत नाही.

"मशीन बुढी झाली," तो मोठ्यानं म्हणाला. मोठ्यानं म्हटलं की बरं वाटतं.

४

दहा मिनिटं झाली. कॉपी संपली नाही.

चार हजार आठशे आठ. चार हजार आठशे सोळा. देवमननं भिंग पुसून पाहिलं. चार हजार नऊशे. पाच हजार. शेरभर दूध मावणाऱ्या भांड्यातून सव्वाशेर निघत होतं आणि भांडं अजून रिकामं झालेलं नव्हतं.

पोरानं ऐकू नका म्हटलं होतं. त्यानं हेडफोन कानाला लावला आणि डिस्कवरचीच फाइल उघडली.

"लाभ. दोन. तीन. चार."

वीस वर्षांपूर्वीची लिलाबाई. तुरीचा सर्रर्र आवाज, मग तळहातानं माप सपाट केल्याची खरखर, मग आकडा. देवमननं शेवटाकडे उडी मारली. त्याचा स्वतःचा तरणा आवाज आला, टोकणारा. मग ते हसणं. "मोजू द्या नं मले!"

इथं संपायला हवं होतं.

संपलं नाही. थोडा वेळ नुसती खरखर. मग कोणीतरी जाड, वाकड्या जिभेनं म्हणालं:

"ला... भ."

बराच वेळ गेला.

"दो... न."

देवमननं आवाज वाढवला. त्या जाड आवाजामागे आणखी एक आवाज होता. कुर्र, टक. कुर्र, टक. त्याला तो ओळखीचा वाटला आणि कुठला ते कळेना. म्हणून त्यानं हेडफोन उतरवला. पडद्यापलीकडून छताचा पंखा ऐकू आला. कुर्र, टक. कुर्र, टक.

तो पंखा त्यानं गेल्या उन्हाळ्यात घेतला होता.

५

घाबरणं हा देवमनचा स्वभाव नव्हता. तो चिडला. कुठंतरी माइक चालू राहिला असेल, इकडचा आवाज तिकडे जात असेल. त्यानं टेबलाखाली पाहिलं, मागे पाहिलं. या कम्प्युटरला माइक नव्हताच. तीन वर्षांपूर्वी त्यानंच काढून एका गिऱ्हाइकाला दिला होता.

त्यानं पडदा सारला.

खोलीत उकाडा होता. लिलाबाई छताकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. मिटत, उघडत, थांबत. देवमन हरखला. डाक्टरचं खरं झालं! ती आवाज ऐकून ओठ हलवायला लागली!

मग त्याच्या ध्यानात आलं, की आवाज तर हेडफोनात होता. या खोलीत कोणीच काही ऐकलं नव्हतं.

"लिला," तो म्हणाला. "अवं लिला, मी काय म्हनतो..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मोजणारी बाई पाहत नाही. बाजेच्या कडेवर तिचा उजवा हात होता. चौदा महिने जिथं ठेवला तिथं पडून राहणारा, रामीबाईनं उचलून कुशीत ठेवायचा तो. तो हात आता चादरीपासून वीतभर वर होता. तळवा खाली. हात डावीकडून उजवीकडे सरकला, सावकाश, सपाट. कशावरची तरी शीग काढून टाकावी तसा. मग खाली पडला.

बाजेखाली दाणे सांडल्यासारखं वाजलं. देवमन वाकला. बाजेखाली पाण्याचा तांब्या होता आणि फरशी स्वच्छ होती.

६

तो दुकानात परतला तो थेट फाइलीचा आकार पाहायला. कॉपीचा नाही, डिस्कवरच्या मूळ फाइलीचा. ती वाढत होती. आणि वाफ्यातली मोकळी जागा कमी होत होती. त्याच मापानं. सेकंदाला आठ.

म्हणजे डिस्क देत नव्हती. घेत होती.

त्यानं पुढचा विचार केला नाही. केबल धरली आणि उपटली.

डिस्क गुरगुरत थांबली. पडद्यावरची अर्धीमुर्धी कॉपी उडून गेली. शांत झालं. फार शांत झालं. देवमन कान देऊन उभा राहिला आणि त्याला समजलं की काय कमी आहे. पंखा होता. लिलाबाईचा श्वास नव्हता. चौदा महिने रात्रंदिवस ऐकलेला तो घरघरता श्वास, ज्याच्यावर तो कधी कधी वैतागून कूस बदलायचा.

तो धावला. तिचे डोळे उघडे, तोंड अर्धं उघडं, छाती थांबलेली. त्यानं गालावर चापट्या मारल्या, नाकापुढे बोट धरलं. काही नाही. "लिला! लिला, तुही शप्पत, लिला!" दाराकडे वळला, रामीबाईला हाक मारायला, आणि मधल्या दारातच थबकला. एक सेकंद. तो एक सेकंद त्याच्या सगळ्या अकलेच्या विरुद्ध होता. तो दुकानात गेला आणि केबल परत लावली.

डिस्क कण्हली. फिरली. मागच्या खोलीत घशातून हवा ओढल्याचा मोठा आवाज झाला. आणि मग, आता उघड उघड, हेडफोनाशिवाय:

"तेरा. चौदा."

आवाज अजून जाड होता. पण आवाज होता.

देवमन खुर्चीत बसला. सर्वांत आधी त्यानं इन्व्हर्टरची बॅटरी आणून कम्प्युटरला जोडली, कारण धनजची लाइट कोणाची सगी नाही. मग चिठ्ठीवर पेन्सिलीनं आकडा लिहिला. मोकळी जागा, सत्तावन्न हजार सहाशे किलोबाइट. भागिले आठ. सात हजार दोनशे सेकंद. दोन तास. घड्याळात पावणेदोन झाले होते.

पावणेचारला वाफा भरणार होता. भरल्यावर काय होतं, हे त्यानं चिठ्ठीवर लिहिलं नाही.

७

सतीशला फोन केला. सांगायचं काय?

"डिस्क... डिस्क हळू चालून राह्यली रे."

"किती देते?"

"आठ."

"आठ? मंग केबल काढून पुन्हा लावा नं बाबा."

"नाई," देवमन ओरडला. "केबलले हात नाई लावत मी."

"बरं बरं, कायले चिडता? आई कशी हाये?"

पडद्याआडून आवाज आला. "सतरा. अठरा." पहिल्यापेक्षा साफ.

"बोलून राह्यली," देवमन म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसरा खडा, चौथा खडा. दर विसाला ती थोडी थांबे, मग पुन्हा 'लाभ'. प्रत्येक खेपेला जीभ थोडी सरळ होत होती. पाणी चमच्यानं दिलं तर गालावरून ओघळलं. गिळायला ती थांबली नाही. डोळे मात्र, देवमनला वाटलं, रोजच्यापेक्षा कोरडे, रोजच्यापेक्षा कमी तिचे दिसत होते. एकदा तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बस कर वं. कोनाची रास हाये ही?" तर आकडा न चुकवता तिचा उजवा हात उठला आणि त्याच्या तोंडावर सपाट पडला. थंड, जड. गप्प.

साडेतीनला त्यानं वाफ्यात जागा व्हावी म्हणून जुनं पुसायला सुरुवात केली.

आधी गाणी. प्रत्येक गाणं तीन हजार आठशे चाळीस, आठ मिनिटं. तीन गाण्यांची चोवीस मिनिटं. मग फोटो. एक फोटो चारशे ऐंशी. एक फोटो, एक मिनिट. असे एक्केचाळीस. पुसण्याआधी तो फोटो वाचवायला पाहत होता, आपल्या कम्प्युटरवर ओढून घ्यायला. पण डिस्क आता काहीच देत नव्हती. शून्य. फक्त घेत होती.

सतीशचा सायकलवरचा फोटो. एक मिनिट. जुनं घर, कौलाचं. एक मिनिट. लिलाबाई धाकट्या जावेबरोबर इंझोरीच्या बाजारात, दोघी उन्हानं डोळे बारीक केलेल्या. तो फोटो त्यानं मागे ठेवला, दुसरे तीन पुसले, मग तो पुसला. त्याच्या आईचा एकच फोटो होता, मरायच्या वर्षी काढलेला, सुपात काहीतरी पाखडताना. त्यानं भिंग काढलं, म्हणजे नीट दिसू नये. मग बटण दाबलं. एक मिनिट.

मधल्या काळात तो मोठमोठ्यानं स्वतःशी भांडत होता. हे सगळं खोटं आहे, डिस्क खराब आहे, बाईचा श्वास लकव्यानं अडकतो, डाक्टरनंच सांगितलं होतं अडकेल म्हणून. केबल आणि श्वास, दोन गोष्टी एकदम झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हे त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. शहाण्या माणसानं केबल काढून एकदा खात्री करावी.

त्यानं खात्री केली नाही. पुढचा फोटो पुसला.

पावणेपाच वाजून गेले तेव्हा मागच्या दारानं रामीबाई चहा घेऊन आली. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. मग तिची किंकाळी. मग हसणं आणि रडणं एकदम.

"दादा! अवो देवमनदादा! बाई बोलते नं! नऊ म्हने, दहा म्हने! माय माय, किती साफ बोलते! जशी कवा बिमारच नव्हती!"

देवमननं पडद्याकडे पाहिलं नाही. वाफ्यात मोकळी जागा दोन हजारांच्या आत आली होती. चार मिनिटंही नाहीत. बाकी सगळं पुसून झालं होतं. फोटो नाहीत, गाणी नाहीत. उरली होती एक फाइल. तिचे आता दोन भाग दिसत होते. मधे कधीतरी ते आपोआप वेगळे झाले होते. एक लांबत जाणारा, ज्याच्यावर बोट ठेवलं तरी तो पुसला जात नव्हता. दुसरा वीस वर्षांपूर्वीचा. चार हजार आठशे. तूर, अंगण, तिचं हसणं.

"या नं दादा लौकर!" रामीबाई ओरडत होती. "अशी काय बाई ही, मी बोलतो त माह्याकडे पाह्यत बी नाई! तुमी या, तुमाले पाह्यलं म्हंजे मोजनं सोडीन थे!"

देवमननं बोट बटणावर ठेवलं. आतून आवाज आला, वीस वर्षांपूर्वीइतका तरणा, एका दमाचा. "अकरा. बारा."

"रामीबाई," तो म्हणाला, "तिच्यापाशी बस. टोकू नको तिले. मले अजून दहा मिनिटं हायेत."

आणि त्यानं बटण दाबलं.